‘न्यूबॉर्न चेकलिस्ट’चे परीक्षण : दुकानाची यादी आणि बाळाची गरज

पुण्याच्या पश्चिम भागातील एका मॉलमध्ये लहान मुलांच्या वस्तूंचे एक प्रशस्त दुकान आहे. देशभर शाखा असलेल्या साखळीचे हे दुकान असून त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण येथे जे दिसले ते अशा बहुतेक दुकानांत थोड्याफार फरकाने दिसते. सातवा महिना लागलेल्या भाचीबरोबर खरेदीला गेले असता दारातच आमच्या हाती एक गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी छापलेला जाड कागद देण्यात आला. त्यावर ‘न्यूबॉर्न चेकलिस्ट’ असे लिहिले होते आणि खाली हॉस्पिटल बॅग, झोप, आंघोळ, दूध, सुरक्षा, खेळणी अशा मथळ्यांखाली प्रत्येक वस्तूपुढे खूण करण्यासाठी एक चौकोन होता. पूर्वी माहेरची माणसे बाळंतविडा करत, त्यात चार झबली, टोपडी, दुपटी, एखादी कुंची आणि बाळंतिणीसाठी साडी असे. त्याची जागा आता हा कागद घेऊ पाहत आहे. म्हणून हे परीक्षण दुकानाचे जितके आहे, त्याहून अधिक त्या यादीचे आहे.

आधी जे चांगले आहे ते सांगणे न्यायाचे होईल. कापडाचा विभाग उत्तम आहे. मलमलीची दुपटी खरोखर मऊ आहेत, झबल्यांच्या शिवणी बाहेरच्या बाजूला घेतलेल्या असल्यामुळे त्या बाळाच्या अंगाला टोचत नाहीत, आणि बंदांऐवजी बटणे असलेल्या कपड्यांची बटणे ओढून पाहिली तरी निघत नाहीत. किंमत मात्र तुळशीबागेतील झबल्यांच्या तिप्पट आहे, आणि दोन महिन्यांत आखूड होणाऱ्या कपड्यासाठी ती मोजावी का, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. कर्मचारी अदबीने बोलतात. बाळंतिणीला बसायला खुर्ची आणि अंगावर पाजायला पडदा लावलेली खोली आहे, जी मोठ्या मॉलमध्येही सहसा सापडत नाही. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह आहे की नाही हे विचारल्यावर खुळखुळ्याची खोकी उलटून दाखवण्यात आली. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना हे चिन्ह बंधनकारक आहे, तरी रस्त्यावरच्या मालावर ते क्वचितच आढळते.

दुकानातील सर्वांत विलक्षण जागा मात्र दुधाच्या पावडरीचा रॅक ही आहे. बाकी सगळीकडे हसरी, गुबगुबीत, बहुतेक गोरीपान बाळे खोक्यांवरून आपल्याकडे पाहत असतात. या एका रॅकवर एकही बाळ नाही. डब्यावर आईचे चित्र नाही, ‘एकावर एक मोफत’ची पट्टी नाही, आणि मोठ्या अक्षरांत छापलेली सूचना आहे ती आईचे दूध हेच बाळासाठी सर्वोत्तम असल्याची. एखादा माल स्वतःच्याच डब्यावर आपल्यापेक्षा चांगल्या पर्यायाचे नाव सांगतो, असे बाजारात सहसा घडत नाही. हे उत्पादकांच्या सद्बुद्धीने झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी संहिता स्वीकारली, आणि तिच्या आधारे भारताने 1992 मध्ये शिशुदुग्ध पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या नियमनाचा कायदा केला. 2003 च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांखालील बाळाच्या दुधाची, बाटलीची किंवा आहाराची जाहिरात करता येत नाही, नमुने वाटता येत नाहीत, सवलत किंवा भेटवस्तूचे आमिष दाखवता येत नाही, डॉक्टर-परिचारिकांना लाभ देता येत नाहीत, आणि विक्री वाढवण्यासाठी गरोदर स्त्रीशी किंवा बाळाच्या आईशी संपर्क साधता येत नाही. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या आईला काही कारणाने पावडरीचे दूध द्यावेच लागते, तिला ते डॉक्टरच्या सल्ल्याने येथे मिळते. तिला कोणी लाजवत नाही आणि जिला गरज नाही तिच्या कोणी गळ्यातही मारत नाही.

या रॅकपासून चार पावलांवर निर्जंतुकीकरणाचे यंत्र, बाटली कोमट करणारे यंत्र आणि ओले रुमाल गरम ठेवणारा डबा मांडलेला आहे. बाटलीच्या जाहिरातीला बंदी असली, तरी बाटलीच्या लवाजम्याला ती नाही. त्यामुळे खोक्यावर पुन्हा बाळ हसू लागते आणि ‘पहिल्याच दिवसापासून आवश्यक’ अशी ओळ दिसते. झाकण असलेल्या पातेल्यात पाणी उकळून जे काम होते, त्यासाठी तीन-चार हजार रुपयांचे यंत्र घेण्याची गरज नाही, आणि बाळ अंगावर पीत असेल तर पातेल्याचीही नाही. नोकरीवर परतणाऱ्या आईसाठी दूध काढण्याचा पंप मात्र खरोखर उपयोगी आहे. गंमत अशी की यादीत त्याच्यापुढे ‘ऐच्छिक’ असे लिहिले आहे आणि रुमाल गरम ठेवणाऱ्या डब्यापुढे ‘आवश्यक’ असे.

कायद्याचे कुंपण जेथे संपते, तेथे विक्रीची भाषा कशी बदलते हे ऐकण्यासारखे आहे. “ताई, पहिलं बाळ आहे ना, मग रिस्क कशाला घ्यायची?” हे वाक्य आम्ही त्या दुपारी वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकले. वस्तू काय करते हे सांगण्याऐवजी ती न घेतल्यास काय होईल, याकडे बोट दाखवले जाते, आणि काय होईल हेही स्पष्ट सांगितले जात नाही. सात महिन्यांच्या गरोदर मुलीला एवढी सूचना पुरेशी असते. बिल करताना मोबाइल क्रमांकाबरोबर प्रसूतीची अपेक्षित तारीख विचारली जाते. भाचीने ती सांगितली, आणि त्यानंतर आठवडे मोजून संदेश येऊ लागले: आता पाळण्याची वेळ झाली, आता हॉस्पिटल बॅगची, आता ‘बाळाच्या सुरक्षित झोपे’ची. दुधाच्या पावडरीसाठी असा संपर्क गुन्हा ठरतो. गादीसाठी तो ‘ग्राहक सेवा’ ठरतो.

झोपेचा विभाग आकर्षक आहे आणि नेमका तेथेच सर्वांत जास्त सावध राहावे लागते. मऊ उशी, पाळण्याच्या कठड्याला आतून बांधायचे गुबगुबीत तक्के, जाड रजई आणि दोन मऊ प्राणी असा एक संच तेथे पाळण्यात सजवून ठेवला आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची शिफारस याच्या अगदी उलट आहे: बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावे, आणि त्या गादीवर ताणून बसवलेल्या चादरीखेरीज काहीही असू नये. नाक-तोंड मऊ कापडात रुतले तर मान वळवण्याची ताकद नवजात बाळात नसते, एवढे साधे त्यामागचे कारण आहे. अमेरिकेने 2022 च्या कायद्याने कठड्याचे हे तक्के आणि दहा अंशांहून अधिक उताराच्या बाळझोपण्या (बाळाला झोपवायची तिरकी आसने) यांच्या विक्रीवरच बंदी घातली. उताराच्या झोपणीत बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते. फिशर-प्राइस कंपनीची अशीच एक लोकप्रिय झोपणी एप्रिल 2019 मध्ये तीसहून अधिक मृत्यूंच्या नोंदीनंतर परत मागवावी लागली. तोवर तिची सुमारे 47 लाख नगांची विक्री झाली होती. आमच्या दुकानात तक्केही होते आणि ‘येथे बाळ शांत झोपते’ असे लिहिलेली तिरकी आरामखुर्चीही होती. झोळीलाही थोड्याफार प्रमाणात हाच आक्षेप लागू होतो, हे आपल्याकडे घरातल्या आजीला पटवणे कठीण आहे, पण निदान झोळीवर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारून कोणी तिचे पाच हजार घेत नाही.

मोहरीच्या उशीची गोष्ट थोडी वेगळी आहे. डोके गोल व्हावे म्हणून बाळाच्या डोक्याखाली मोहरी भरलेली उशी ठेवण्याची पद्धत आपल्या घरांत आहेच, आणि दुकानाने ती तशीच उचलून, हत्तीच्या आकारात शिवून, सातशे रुपयांना ठेवली आहे. शेजारी मधोमध खळगा असलेली, फोमची ‘हेड शेपिंग’ उशी आहे. डोके आकारात आणण्याच्या अशा उशा वापरू नयेत, अशी स्पष्ट सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2022 मध्ये दिली आहे, कारण त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि गुदमरण्याचा धोका मात्र आहे. एका बाजूला झोपून चपटे झालेले डोके बहुधा बाळ बसू लागल्यावर आपोआप सुधारते. जागेपणी, आपण समोर असताना, बाळाला थोडा वेळ पालथे ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे आणि तो फुकट आहे. तरीही डोक्याचा आकार फारच वेगळा वाटला, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता वॉकरविषयी. यादीत तो ‘सहा महिन्यांनंतर’ या शीर्षकाखाली आहे, परंतु बारशाच्या भेटींसाठी तो रंगीत कागदात बांधून आधीपासूनच तयार ठेवलेला असतो. गोल चौकट, मधोमध लोंबती बैठक, खाली सहा चाके, पुढे दिवे लागणारा आणि गाणे म्हणणारा ट्रे. मी बैठक हाताने दाबून पाहिली, तेव्हा ती इतकी खोल होती की मधल्या आकाराच्या बाळाची केवळ बोटेच जमिनीला टेकतील. म्हणजे मूल चालत नाही, चवड्यांनी ढकलत घरंगळते. चालण्याआधी बाळाने करायच्या गोष्टी, म्हणजे रांगणे, धरून उभे राहणे, तोल सावरणे, पडणे आणि पुन्हा उठणे, यांपैकी एकही या खुर्चीत घडत नाही, आणि आपली पावले कशी पडतात हे ट्रेमुळे त्याला दिसतही नाही. वॉकरने मूल लवकर चालते ही समजूत म्हणूनच खोटी आहे. उलट उशीर होण्याची शक्यता असते. आपला जुना लाकडी पांगुळगाडा निराळा होता. त्यात मूल बसत नसे, स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलत असे, आणि उभे राहता येऊ लागल्याशिवाय त्याच्या हाती तो दिलाच जात नसे.

धोक्याचे प्रमाण तर मोजलेले आहे. 2018 मध्ये ‘पिडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, 1990 ते 2014 या काळात अमेरिकेत पंधरा महिन्यांखालील दोन लाख तीस हजारांहून अधिक मुलांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागले. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक दुखापती डोक्याला किंवा मानेला झालेल्या होत्या, आणि जवळपास तीन चतुर्थांश मुले वॉकरसह जिन्यावरून कोसळली होती. कॅनडाने एप्रिल 2004 मध्ये वॉकरवर संपूर्ण बंदी घातली, आणि ती केवळ नव्या मालापुरती नाही. जुना वॉकर विकणेही तेथे बेकायदा आहे. आपल्या फ्लॅटमध्ये जिना नसतो, असे विक्रेत्याने मला समजावून सांगितले. जिना नसतो हे खरे, पण बाल्कनीचा उंबरठा असतो, चहाचा कप ठेवलेले टीपॉय असते, इस्त्रीची लोंबती वायर असते, मोरीतली भरलेली बादली असते, आणि वॉकरमधले मूल सेकंदाला तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते. पोळी उलटायला आई मान फिरवते तेवढा वेळ त्याला पुरतो. “आम्ही लक्ष ठेवू” हे म्हणूनच उत्तर होत नाही. अशा दुखापती झालेल्या मुलांजवळही बहुतेक वेळा कोणीतरी मोठे माणूस होतेच.

रांगत्या मुलाच्या पाठीवर बांधायची, मधमाशीच्या आकाराची एक उशीही येथे मिळते. तिला पिवळे-काळे पट्टे आणि दोन पंख आहेत, मूल मागे पडले की डोके तिच्यावर पडावे अशी कल्पना आहे. त्याच फळीवर गुडघ्यांना बांधायचे पॅड आहेत. ज्या घरात सतरंजी आहे, त्या घराला या दोन्हींची गरज नाही. टाल्कम पावडरीविषयी एवढेच म्हणता येईल की बाळाला तिची गरज नसते आणि उडालेली भुकटी श्वासातून आत जाणे चांगले नसते. जॉन्सन अँड जॉन्सनने टाल्कची बेबी पावडर 2023 मध्ये जगभर बंद केल्यानंतर आता मक्याच्या पिठीची पावडर तिच्या जागी आली आहे, तीही अनावश्यकच आहे. दात येताना घालायची अंबर मण्यांची माळ सरळ नाकारावी. ती गळ्यात आवळली जाऊ शकते आणि मणी सुटला तर घशात अडकतो. ग्राइप वॉटरचा शोध इंग्लंडमध्ये 1851 मध्ये लागला आणि आपल्याकडे तो अजून संपलेला नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, हा सल्ला मानला तर ग्राइप वॉटर, घुटीची बाटली आणि मध या तिन्ही वस्तू एकाच वेळी यादीतून जातात.

दुकानाच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर एक छोटे टेबल होते आणि तेथे नाळेतील रक्त, म्हणजे त्यातल्या मूलपेशी (स्टेम सेल), पुढील उपचारांसाठी साठवण्याच्या सेवेची नोंदणी चालू होती. ही सेवा दुकानाची नव्हे. एका खासगी रक्तपेढीने ती जागा घेतलेली होती. माहितीपत्रक सुबक होते आणि त्यात आजारांची भली मोठी यादी दिली होती. बाळाच्या भविष्यासाठी हा ‘जैविक विमा’ आहे, आणि संधी फक्त जन्माच्या क्षणी एकदाच मिळते, असे सांगण्यात आले. रक्कम पन्नास हजारांच्या वर होती आणि मासिक हप्त्यांची सोय होती. येथे घाई हाच मालाचा मुख्य गुण असतो, कारण विचार करायला मुदत दिली तर बालरोगतज्ज्ञांना विचारले जाईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मूलपेशी संशोधनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की भविष्यात स्वतःच्या वापरासाठी नाळेतील रक्त साठवून ठेवण्यास शास्त्रीय आधार नाही. भारतीय बालरोग अकादमीनेही खासगी साठवणुकीला पाठिंबा दिलेला नाही. कारण समजण्यास सोपे आहे: थॅलेसेमियासारखा आनुवंशिक आजार बाळाला झाला, तर तोच दोष त्याच्या नाळेतील रक्तातही असतो, त्यामुळे ते त्याच्या उपचाराला चालत नाही. घरात आधीच्या मुलाला असा आजार असेल आणि डॉक्टरांनी सुचवले असेल, तर गोष्ट वेगळी. तेथे साठवणूक योग्य ठरते. टेबलावरच्या मुलीला मी हे विचारले. ती प्रामाणिक होती. “मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये एवढं सांगितलेलं नाही,” असे म्हणून तिने वरिष्ठांचा क्रमांक दिला. भाचीने नोंदणी केली नाही.

या सगळ्या पसाऱ्यात जी वस्तू खरोखर जीव वाचवते, ती यादीत नव्हतीच. मोटारीत बाळासाठी बसवायची खुर्ची, म्हणजे कार सीट, शोधण्यासाठी आम्हाला दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात जावे लागले. तेथे दोनच नमुने होते आणि एकावर धूळ होती. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाशिवाय नेल्यास चालकाला एक हजार रुपये दंड आहे, तरी प्रसूतीनंतर रुग्णालयातून घरी येणारे बाळ आपल्याकडे बहुधा आजीच्या मांडीवर पुढच्या सीटवर बसून येते. अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे बाळ हातांनी धरून ठेवणे कोणालाही शक्य नसते. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवलेले आसन हाच नवजात बाळासाठी योग्य मार्ग आहे. दुचाकीवरून चार वर्षांखालील मुलाला नेताना सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट वापरण्याचा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात या दुकानात लहान मुलाचे हेल्मेट नव्हते, आणि विक्रेत्याने असे काही मागणारे गिऱ्हाईक येत नाही, असे सांगितले. ते खरे असावे. कोणी त्याची जाहिरातच केलेली नाही.

आम्ही शेवटी मलमलीची दुपटी, थोडी झबली, रात्रीसाठी डायपरचे एक छोटे पाकीट आणि घट्ट, सपाट अशी पाळण्याची गादी एवढेच घेतले. डायपरचे मोठे पाकीट स्वस्त पडते खरे, पण बाळाचे वजन जन्मापूर्वी माहीत नसते आणि नवजाताच्या आकाराचे डायपर लवकर लहान पडते, म्हणून आधीच साठा करू नये. लंगोट आम्ही तुळशीबागेतून आणले. कापड आणि गादी यांसाठी या दुकानाला पाचपैकी चार गुण देता येतील; यादीला एकही नाही.

वस्तू बदलून देण्याचा नियम जाण्यापूर्वी नीट वाचावा. खोके न उघडता, मूळ बिलासह, पंधरा दिवसांच्या आत आणले तर वस्तू बदलून मिळते, पैसे मात्र परत मिळत नाहीत. तेवढ्या रकमेची पावती दिली जाते आणि ती वर्षभर चालते. बारशाला वॉकर आला आणि देणाऱ्या मावशी-काकांकडून संकोच न करता बिल मागून घेता आले, तर त्याच पावतीत थोडी भर घालून मागच्या कोपऱ्यातली कार सीट घेता येते. आम्ही काउंटरवर विचारून खात्री केली आहे.